छातीवर एक नाव, पगाराच्या पावतीवर दुसरं

(दृश्य: मुंबई-नाशिक महामार्ग, माणकोली नाका. पहाटेचा उजेड, कंटेनरची रांग, फाट्यावर उतरणाऱ्या शेअर रिक्षा.)

आज दुपारी मुंबईत कुणाच्या दारात मिक्सर येईल, कुठल्या ऑफिसात कागदाची रिमं उतरतील, कुठल्या दवाखान्यात हातमोज्यांची खोकी जातील. यातला पुष्कळसा माल काल रात्रीपर्यंत भिवंडीत होता. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर, आणि आता थेट पडघ्यापर्यंत गोदामंच गोदामं. इथं भाताची खाचरं होती, हे सांगायला गावातली जुनी माणसं उरली आहेत.

गोदामं इथं आली ती जकातीमुळे. भिवंडी मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर. माल इथं उतरवायचा आणि लागेल तसा मुंबईत न्यायचा, म्हणजे जकातही तेवढ्याचीच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात संपली. गोदामं मात्र हलली नाहीत, उलट वाढली. पूर्वी कर वाचवण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामं ठेवत. ती गरज संपल्यावर एकाच जागी प्रचंड साठा करणं परवडू लागलं. त्यासाठी लागणारी जमीन, महामार्ग आणि जवळचं न्हावाशेव्याचं बंदर, तिन्ही इथं होतं.

(दृश्य: गोदामाचं फाटक. ओळखपत्र दाखवत आत जाणारी तरुण मुलं-मुली. पाठीमागून चित्रीकरण, चेहरे नाहीत.)

फाटकावर मोबाइल जमा, अंगझडती, मग पंचिंग. आत इनवर्डला, म्हणजे माल येण्याच्या बाजूला, उतरलेला माल रॅकवर लावणारे वेगळे, ऑर्डरप्रमाणे तो काढणारे पिकर वेगळे, खोक्यात भरणारे पॅकर वेगळे, आणि आउटवर्डच्या म्हणजे माल बाहेर जाण्याच्या डॉकवर गाडी भरणारे लोडर त्याहून वेगळे.

पिकरचं काम जवळून पाहा. हातात स्कॅनर. पडद्यावर रॅकचा क्रमांक, खण आणि नग. पिकर मुलगी ट्रॉली ढकलत तिथं जाते, खणाचा बारकोड स्कॅन करते, वस्तूचा करते, वस्तू टोपलीत टाकते. बीप वाजला की पुढचा पत्ता तयार. तो शेजारच्या रॅकचा असेल किंवा गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाचा. तासाला किती नग काढले हे स्कॅनर मोजत असतो. दोन बीपमध्ये जास्त वेळ गेला तर तेही त्यात दिसतं. ती पाणी प्यायला गेली होती, की वस्तू खणात नव्हती म्हणून शोधत होती, हा फरक यंत्राला कळत नाही. तो सुपरवायझरला समजावून सांगावा लागतो. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये टार्गेट चढतं, आणि समजावून घ्यायला सुपरवायझरकडेही वेळ नसतो.

वरून पत्रे. एप्रिल-मे महिन्यात वरच्या मजल्यावर हवा हलत नाही. मोठे पंखे असतात, पण ते सगळ्या रॅकांच्या मधल्या गल्ल्यांपर्यंत पोहोचत नाहीत. २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरची बातमी देशभर गाजली. ठरलेल्या गाड्या रिकाम्या होईपर्यंत पाण्याला किंवा शौचालयाला जाणार नाही, अशी शपथ एका गोदामात कामगारांकडून घेतल्याची ती बातमी होती. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून तिची दखल घेतली. इथल्या पिकर-लोडरना मात्र त्या बातमीत नवल वाटण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तरीही या नोकरीला रांग लागते, आणि ती का लागते हे नीट समजून घ्यायला हवं. शहापूर, वाड्याकडच्या मुलींना बारावीनंतर घराबाहेर मिळणारं हे पहिलं काम असतं. पगार बँकेत जमा होतो. पीएफ आहे, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड आहे, न्यायला-आणायला बस आहे. शेजारच्या यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहून तयार कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला याची किंमत कळते. घरात पहिल्यांदा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पैसे येतात.

(दृश्य: टेबलावर पगाराची पावती. नावाच्या जागी बोट.)

अडचण या पावतीत आहे. टी-शर्टवर कंपनीचं नाव आणि पावतीवर ठेकेदाराचं. काम कंपनीचं, टार्गेट कंपनीचं, नियम कंपनीचे, पण माणूस ठेकेदाराचा. दर दोन-तीन वर्षांनी ठेका बदलतो. तीच मुलगी, तेच रॅक, तोच स्कॅनर, फक्त ओळखपत्र नवं, आणि तिची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून. १९७२ च्या कायद्यात ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षांची अट होती. ज्याचा मालकच तिसऱ्या वर्षी बदलतो, त्याची पाच वर्षं भरायची कधी?

पीएफचंही तेच. यूएएन, म्हणजे कामगाराचा पीएफचा कायमचा क्रमांक, एकच असला तरी प्रत्येक ठेकेदाराचं खातं वेगळं. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही की पैसे अडकतात. शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तारीख कामगाराला स्वतः ऑनलाइन भरता येते. ही सोय २०२० पासून आहे, पण फाटकावर ती सांगतंय कोण? ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ कंपनीने द्यायची, हे तर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. तेही क्वचितच कुणाला ठाऊक असतं.

(दृश्य: वळ गावचा रस्ता. दोन्ही बाजूंना गोदामांच्या इमारती.)

एप्रिल २०२३ मध्ये याच वळ गावात एक इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहणारी कुटुंबं. आठ जणांचा जीव गेला. इमारत मजबूत आहे का, हा प्रश्न खाली माल उचलणाऱ्या माणसाने विचारायचा तरी कुणाला? जागेच्या मालकाला, भाडेकरू कंपनीला की स्वतःच्या ठेकेदाराला? तिघांच्या मधे तो उभा असतो.

या गुंत्यावर तोडगा काढणं अशक्य आहे, असं म्हणता येत नाही. कारण महाराष्ट्राने तो एकदा काढलेला आहे. माथाडी कामगारालाही एक मालक नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटलांनी या कामगारांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही म्हणजे ठरलेली जादा रक्कम कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराला पगार द्यायचा, त्याचा पीएफ, रजा, बोनस, ग्रॅच्युइटी सांभाळायची. मालक कितीही बदलले तरी नोंद मंडळात, म्हणून नोकरी सलग.

मंडळांचा कारभार निर्दोष नाही. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या कामगारालाच जास्त नडतात. पण स्कॅनर घेऊन गोदामात दिवसभर चालणारी पिकर आणि पोतं वाहणारा माथाडी यांची अडचण एकच आहे. तिच्यासाठीही असं मंडळ हवं, ज्याच्या वहीत ठेकेदार बदलला तरी तिच्या नोकरीची तारीख बदलणार नाही. गोदामाचं भाडं, विजेचं बिल, गाड्यांचं डिझेल कंपनीच्या हिशेबात धरलेलंच असतं. या लेव्हीचीही तरतूद तिथंच करता येईल.