कल्हई कोण पाहणार?

मागच्या उन्हाळ्यात आईचं नागपूरच्या महाल भागातलं घर आवरलं. तिच्या स्वयंपाकघराला दोन तास पुरले. नंतर माझ्या फ्लॅटचा माळा काढला, त्याला चार दिवस लागले. मंडळी, मला आज या फरकाविषयीच बोलायचं आहे.

आईकडे पितळेचे तीन गंज, म्हणजे पातेली, आणि पाणी भरायचा एक गुंड होता. इतवारीच्या बाजारातून भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव आणि तारीख घालून घ्यायची, तशी सगळ्यांवर होती. पण खरी गोष्ट कल्हईची. पितळेत आमटी, ताक ठेवलं की कळकतं. म्हणून आतून कथलाचा थर लागतो, आणि तो वापरानं झिजतो. कल्हईवाला दारात भट्टी पेटवायचा, भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा. मग कथील लावून कापसाच्या बोळ्यानं असा हात फिरवायचा की काळवंडलेलं भांडं आतून चांदीसारखं लख्ख. आम्ही पोरं ते बघत उभी राहायचो. आईच्या डोक्यात मात्र हिशेब चालू असायचा. परवडत असूनही तिनं चौथा गंज घेतला नाही. ‘त्याची कल्हई कोण पाहणार?’ म्हणायची.

मी वस्तू घेताना फक्त किंमत पाहिली. तिला जागा किती लागेल, पुसायची कोणी, बिघडली तर दुरुस्त होईल का, हे विचारलंच नाही.

कूलरच्या बाबतीत मात्र आपण नागपूरकर हे सगळं विचारतो. मार्चमध्ये ताट्या बदलतो, टाकीतले क्षार खरवडतो, पंप तपासतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं आणि खोली गार होते. जुलैत हवा दमट झाली की त्याचा उपयोग नाही, हेही आपल्याला ठाऊक असतं. पत्र्याचा कूलर वर्षानुवर्षं टिकतो, कारण त्याचा पंप, मोटर, ताट्या, सगळं बदलता येतं. हीच नजर बाकीच्या खरेदीला लावायला हवी, असं मला फार वाटतं.

माळ्यावर अकरा ब्लँकेटं निघाली. बहुतेक लग्नकार्यात आलेली, काही तर पिशवीतून काढलेलीही नव्हती. गांधीजींनी 1930 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रं लिहिली. गरज नसताना जवळ ठेवलेली वस्तू, चोरून आणलेली नसली तरी चोरीचीच समजावी, असं त्यांनी अपरिग्रहाविषयी म्हटलं आहे. विद्यार्थिदशेत मला हे कठोर वाटलं होतं. त्या दिवशी माळ्याखाली उभी असताना वाटलं नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री कशा असतात आणि रस्त्याकडेला कोण झोपतं, हे मी रोज बघत होते.

चार ब्लँकेटं ठेवली, सात दिली. आईचा गुंड मी आणला आहे. कल्हईवाला शोधायला तीन आठवडे लागले. आता पिण्याचं पाणी त्यातच भरते, आणि पुढच्या कल्हईचे पैसे वेगळे काढून ठेवले आहेत.