एकशे एकवीस पराभवांनंतर : व्हाइट सॉक्सकडे कसं बघायचं

नमस्कार मंडळी. शिकागोच्या साउथ साइडचा बेसबॉल संघ व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरला. १९०१ पासूनच्या आधुनिक बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कुणाच्याच नावावर नव्हते. त्याआधीचा नकोसा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा, १२० पराभवांचा होता. १० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात सलग २१ सामने गेले. मॅनेजर (मुख्य प्रशिक्षक) पेद्रो ग्रिफोल यांना काढलं आणि ग्रेडी साइझमोर यांनी उरलेला हंगाम सांभाळला. सप्टेंबरअखेर घरच्या मैदानावर एंजल्स संघाला ओळीने तीनदा हरवून संघ १२० वर थबकला होता, आणि मग डेट्रॉइटमध्ये तो आकडा ओलांडला गेला. याच संघाने २०२१ मध्ये ९३ सामने जिंकून आपला विभाग जिंकला होता, म्हणून हे जास्त लागतं.

२०२५ मध्ये विल व्हेनेबल मॅनेजर झाले आणि संघ ६०-१०२ वर आला. अनेक चाहते म्हणतात, शंभरावर पराभव ते शंभरावर पराभव, फरक काय पडला? फरक बराच आहे, पण तो जय-पराजयाच्या रकान्यात सापडायचा नाही. तो रनांच्या हिशोबात आहे. हा हिशोब घरी कागदावर करता येतो, म्हणून इथेच करून दाखवतो.

संघाने केलेल्या रनांचा वर्ग घ्यायचा. दिलेल्या रनांचाही वर्ग घ्यायचा. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागायचं आणि येईल त्याला १६२ ने गुणायचं. २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सने ५०७ रन केल्या आणि ८१३ दिल्या. वर्ग येतात २,५७,०४९ आणि ६,६०,९६९. भागाकार ०.२८, म्हणजे साधारण ४५ विजय. प्रत्यक्षात मिळाले ४१. नशिबाने थोडा दगा दिला खरा, पण संघ मुळातच तेवढा वाईट होता. २०२५ मध्ये केल्या ६४७ आणि दिल्या ७४२. वर्ग ४,१८,६०९ आणि ५,५०,५६४. भागाकार ०.४३२, म्हणजे ७० विजय. मिळाले ६०. म्हणजे खेळ पंचवीस विजयांनी सुधारला आणि तक्त्यावर एकोणीसच दिसले. २०२५ मध्ये हिशोबातल्या ७० पैकी जे दहा विजय निसटले ते बहुतेक अटीतटीचे. अशा सामन्यांत शेवटच्या दोन-तीन इनिंगचे रिलीव्हर, म्हणजे बदली येणारे पिचर (चेंडू टाकणारे), निर्णायक ठरतात, आणि तरुण संघात नेमकी तीच बाजू सर्वांत उशिरा भरली जाते.

आता खेळाडूंकडे येऊ. २०२४ चं मूळ दुखणं बॅटिंग होतं. संघाचं ऑन-बेस, म्हणजे बॅटर कुठल्याही मार्गाने बेसवर पोचण्याचं प्रमाण, फक्त .२७८ होतं. दहातले सात जण परत डगआउटमध्ये. यावर उपाय म्हणून नुसते ताकदीने मारणारे आणून भागत नाही. वाईट चेंडू सोडता येणारे लागतात. डिसेंबर २०२४ मध्ये गॅरेट क्रोशेला बोस्टनला दिलं तेव्हा फार जणांना राग आला होता, आणि तो समजण्यासारखा होता. त्या वर्षी १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट (बॅटर तीन स्ट्राइकवर बाद) घेणारा डावखुरा पिचर कोण सोडतो? पण परत काय आलं ते बघा : कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) काइल टील, इनफिल्डर चेस माइड्रॉथ, आउटफिल्डर ब्रेडन माँटगोमेरी आणि पिचर विकेलमन गोन्सालेस. टीलने पहिल्याच हंगामात .२७३ ची सरासरी आणि .३७५ चं ऑन-बेस दिलं. कॅचरसाठी ते उत्तमच. माइड्रॉथ लांब मारत नाही, पण चेंडूला बॅट लावतो आणि स्ट्राइकआउट फार कमी होतो. ज्या संघाचं ऑन-बेस .२७८ होतं त्याला नेमकी अशीच माणसं हवी होती.

टीलच्या जोडीला दुसरा कॅचर एडगर केरो आहे, जुलै २०२३ मध्ये एंजल्सबरोबरच्या अदलाबदलीत आलेला. दोन तरुण कॅचर कशाला, एकाला विकून पिचर घ्या, असं बऱ्याचदा ऐकू येतं. मला ते पटत नाही. कॅचर रोज १६२ सामने मागे बसू शकत नाही. गुडघे जातात, ऑगस्टपर्यंत बॅट जड होते. केरो दोन्ही बाजूंनी बॅटिंग करतो, टील डावखुरी. एक मागे बसेल त्या दिवशी दुसरा डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे फक्त बॅटिंग करणारा. निदान दोन वर्षं तरी ही जोडी तोडू नये.

कोल्सन माँटगोमेरीचं प्रकरण मात्र सविस्तर बघण्यासारखं आहे. २०२१ च्या ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या) पहिल्या फेरीत घेतलेला हा उंचापुरा शॉर्टस्टॉप २०२५ च्या एप्रिलमध्ये शार्लटला, म्हणजे ट्रिपल-एला (मायनर लीगची सर्वांत वरची पायरी), .१४९ वर अडकला होता. शार्लटचं मैदान होमरनसाठी सोपं मानलं जातं. तिथे ही अवस्था म्हणजे गंभीरच. बॅटिंगची वेळ बिघडली की खेळाडू चेंडू लवकर गाठायला धावतो, पुढचा पाय आधीच टेकतो, मग वेगवान चेंडूला उशीर होतो आणि वळणारा चेंडू हुकतो. सामने खेळत राहून हे सुटत नाही, कारण रोज संध्याकाळी सरासरी डोळ्यांसमोर नाचत असते. संघाने त्याला शार्लटमधून उचललं आणि ॲरिझोनात ग्लेंडेलला बॅटिंग विभागाचे प्रमुख रायन फुलर यांच्याकडे पाठवलं. सामने नाहीत, आकडे नाहीत, फक्त सराव. ४ जुलैला तो मुख्य संघात आला आणि ७१ सामन्यांत २१ होमरन मारले. सरासरी .२३९ होती आणि दहातून जवळपास तीन वेळा तो स्ट्राइकआउट झाला, त्यामुळे २०२६ च्या हंगामात पिचर त्याला स्ट्राइक झोनबाहेरचे (मारण्याजोग्या पट्ट्याबाहेरचे) चेंडू जास्त टाकणार. ते सोडतो की नाही, यावर सगळं अवलंबून आहे.

याच्या शेजारी अँड्र्यू वॉन ठेवून बघा. २०१९ च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडलेला फर्स्ट बेसमन. २०२० चा मायनर लीगचा हंगाम महामारीत रद्द झाला, आणि २०२१ मध्ये जेमतेम ५५ मायनर लीग सामन्यांच्या अनुभवावर त्याला थेट वर आणलं. तेही लेफ्ट फिल्डमध्ये, कारण तिथला माणूस जखमी होता. शिकायची दोन कामं एकदम अंगावर पडली. २०२५ मध्ये .१८९ वर असताना त्याला मिलवॉकीला दिलं, आणि तिथे तो .३०८ ने खेळला. खेळाडू तोच होता. शिकागोने त्याला घाईने वापरला, आणि हे मनाला लागावं असंच आहे.

पिचरांमध्ये शेन स्मिथ कसा मिळाला हे समजून घ्या, कारण वाईट संघाला मिळणारा हा खरा फायदा आहे. दर डिसेंबरला ‘रूल फाइव्ह’ ड्राफ्ट होतो. ज्याला साइन करताना वय १८ किंवा कमी होतं त्याला पाच हंगामांनंतर आणि १९ किंवा जास्त असेल तर चार हंगामांनंतर संघाने ४० जणांच्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतला तर दुसरा संघ त्याला १ लाख डॉलरला उचलू शकतो. अट एकच, पुढचा पूर्ण हंगाम त्याला २६ जणांच्या मुख्य संघात ठेवायचं, नाहीतर अर्ध्या रकमेत परत द्यायची तयारी ठेवायची. जिंकणाऱ्या संघाला शिकाऊ पिचर वर्षभर सांभाळणं परवडत नाही. व्हाइट सॉक्सला परवडलं, शिवाय पहिला क्रमांक त्यांचाच होता. मिलवॉकीने यादीबाहेर ठेवलेला स्मिथ त्यांनी घेतला, स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) केला, आणि तो ३.८१ च्या ईआरएने (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या रन) खेळून ऑल-स्टार संघात गेला.

नेहमीच्या ड्राफ्टमध्ये मात्र उलट घडलं. इतर संघांना महसुलाचा वाटा देणाऱ्या मोठ्या शहरांच्या संघाला लॉटरीतली निवड, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरणारे ड्राफ्टचे पहिले क्रमांक, सलग दोन वर्षं मिळत नाही. २०२४ मध्ये पाचवी निवड मिळाली होती, म्हणून १२१ पराभवांनंतरही २०२५ मध्ये दहाव्या क्रमांकावर निवडावं लागलं. २०२६ साठी लॉटरी लागली आणि पहिली निवड हाती आली. डिसेंबर २०२५ मध्ये मुनेताका मुराकामीशीही दोन वर्षांचा, ३ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला. जपानमध्ये २०२२ साली त्याने ५६ होमरन मारले होते. त्याच्या ताकदीबद्दल शंका नाही. अमेरिकेतल्या वेगाला बॅट लागते का, एवढाच प्रश्न आहे.

राहिले दोन डावखुरे पिचर. नोआ शुल्त्झ हा शिकागोच्या उपनगरातल्या, आपल्या नेपरव्हिलजवळच्या ऑस्विगोच्या शाळेतला, साडेसहा फुटांहून उंच. २०२५ मध्ये गुडघ्याने त्रास दिला आणि वॉक (चार चेंडू झोनबाहेर गेल्यावर बॅटरला मिळणारा फुकट बेस) वाढले. इतक्या लांब हातापायांच्या पिचरची हालचाल किंचित बिघडली तरी चेंडू सुटायची जागा बदलते, त्यामुळे आधी गुडघा आणि मग झोन, या क्रमानेच त्याच्याकडे बघावं. हेगन स्मिथने २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला, डबल-एमध्ये (ट्रिपल-एच्या खालची पायरी), भरपूर स्ट्राइकआउट घेतले, पण नऊ इनिंगमागे सहाहून जास्त वॉक दिले. मोठ्या लीगचा स्टार्टर होण्यासाठी ते चाराच्या खाली यायला हवेत. एप्रिलमध्ये त्याचा स्कोअरकार्ड उघडाल तेव्हा स्ट्राइकआउटच्या रकान्यावर लगेच खूश होऊ नका. आधी वॉक मोजा, मग पाचव्या इनिंगपर्यंत किती चेंडू टाकले ते बघा. ७५-८० च्या आत असेल तर तो मार्गावर आहे. नव्वदीला पोचला असेल तर अजून काही महिने त्याला मायनर लीगमध्येच राहू द्या.