नेदरलँड्समध्ये डे-केअरचं सरकारी अनुदान: अर्ज सोपा, हिशोब अवघड

नमस्कार. आज विषय डे-केअरच्या पैशांचा. तुम्ही आइंडहोवन, आम्स्टलफेन, उट्रेख्त, कुठेही राहत असा, दोघंही नोकरी करत असाल आणि घरात लहान मूल असेल, तर घरभाड्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च हाच असतो. त्यातला बराच भाग सरकार देतं. त्या अनुदानाचं नाव किंडरऑपफांग-टूस्लाख. आपण पूर्ण व्हिडिओत नुसतं टूस्लाख म्हणूया.

अर्ज कसा करायचा हे तुम्हाला कुठेही सापडेल. टूस्लाख खात्याच्या वेबसाइटवर डिजीडीने, म्हणजे सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉगिन करा, तुमचा, जोडीदाराचा आणि मुलाचा बीएसएन, म्हणजे नागरिक सेवा क्रमांक, टाका, डे-केअरचा एलआरके नंबर टाका, महिन्याचे तास, तासाचा दर, दोघांचं वर्षाचं अंदाजे उत्पन्न, बँक खातं. झालं. डे-केअरशी लेखी करार झालेला असला की हे एका बैठकीत होतं. एलआरके म्हणजे सरकारमान्य पाळणाघरांची राष्ट्रीय नोंद. त्या यादीत नाव नसेल तर जागा कितीही चांगली असली तरी एक युरोही मिळणार नाही, त्यामुळे तो नंबर करारावर आहे का हे सही करायच्या आधी बघा.

पण आज मला त्याहून महत्त्वाचं सांगायचंय. दर महिन्याला, साधारण २० तारखेच्या आसपास, पुढच्या महिन्यासाठी खात्यात जे पैसे जमा होतात ते अजून तुमचे झालेले नसतात. ती उचल आहे. तुम्ही दिलेल्या अंदाजावर सरकारने आगाऊ दिलेली रक्कम. वर्ष संपलं, तुमचं खरं उत्पन्न आणि डे-केअरचे खरे तास कळले, की पक्का हिशोब होतो. कमी मिळाले असतील तर वरचे पैसे येतात. जास्त मिळाले असतील तर परत मागतात, आणि तोवर ते पैसे खर्च होऊन गेलेले असतात.

आधी, मिळतं कोणाला? दोघंही काम करत असले पाहिजेत. नोकरी चालेल, स्वतःचा व्यवसाय चालेल, मान्यताप्राप्त शिक्षण चालेल. एकच पालक असेल तर त्याने काम करणं पुरे. डच किंवा युरोपियन युनियनमधलं नागरिकत्व नसेल तर दोघांकडे वैध रहिवासी परवाना हवा. आपल्याकडे बहुतेक घरांत एक जण हायली स्किल्ड मायग्रंट, म्हणजे कुशल नोकरदाराच्या परवान्यावर, आलेला असतो आणि दुसऱ्याकडे जोडीदाराचा परवाना असतो. त्या परवान्यावर नोकरी करता येते, पण नोकरी मिळेपर्यंत टूस्लाख नाही. नोकरी शोधतोय म्हणून मूल डे-केअरमध्ये ठेवलं तर तो खर्च पूर्ण आपला. हा नियम मला पटत नाही. मूल सोपवायला जागाच नसेल तर मुलाखतीला जायचं कधी? पण नियम आहे तो असा आहे.

अशा घरांसाठी एक आडवाट आहे, आणि ती फार लोकांना ठाऊक नसते. मूल दोन वर्षांचं झालं की चार वर्षांचं होईपर्यंत आठवड्यातले काही तास जाण्यासाठी छोट्यांच्या शाळा असतात, पूटर-ऑपफांग. ज्यांना टूस्लाख मिळत नाही त्यांना तिथे नगरपालिका, म्हणजे खेमेन्टे, सवलत देते आणि फी उत्पन्नाप्रमाणे लावते. मूल डचही उचलतं. आपल्या खेमेन्टेच्या वेबसाइटवर बघा, नियम गावागणिक थोडे बदलतात.

आणि हो, आजी-आजोबा. दरवेळी विचारलं जातं: आई भारतातून येणारे, ती सांभाळेल, त्याचे पैसे मिळतील का? नाही. घरगुती सांभाळणारी व्यक्ती, खास्टाउडर, हिच्यासाठी टूस्लाख आहे. पण तिची नोंदणी लागते, ठरावीक शिक्षण, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र, चारित्र्याचा दाखला लागतो आणि सगळं मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत व्हावं लागतं. आई येणार ९० दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर. त्यावर काम करता येत नाही. नातवंडाबरोबर खेळू दे तिला निवांत.

आता हिशोब. टूस्लाख तुमच्या पूर्ण बिलावर मिळत नाही. सरकारने तासाच्या दराची कमाल मर्यादा ठरवलेली असते. २०२५ मध्ये डे-केअरसाठी ती १०.७१ युरो होती, शाळेनंतरच्या सांभाळासाठी ९.५२. दर वर्षी ती बदलते. तुमचं डे-केअर त्याहून जास्त घेत असेल, आणि बरीच घेतात, तर वरचा फरक तुमच्या खिशातून. शिवाय एका मुलामागे महिन्याला जास्तीत जास्त २३० तास. पाच दिवस, रोज अकरा तास असं मूल ठेवलं तर सरासरी २३८ तास होतात, म्हणजे पूर्ण आठवडा ठेवणाऱ्याचे शेवटचे काही तास अनुदानाबाहेर जातात.

[स्क्रीनवर गणित]

एक उदाहरण बघू. आठवड्याचे तीन दिवस, रोज ११ तास, म्हणजे महिन्याला १४३ तास. डे-केअरचा दर ११.५० युरो. बिल आलं १,६४४.५० युरो. सरकार मोजणार १०.७१ च्या दराने, म्हणजे १,५३१.५३. समजा तुमच्या उत्पन्नाला ७० टक्के लागू होतात. मिळाले साधारण १,०७२. उरलेले ५७२ युरो तुमचे. ७० टक्के हा मी उदाहरणासाठी धरलेला आकडा आहे. खरी टक्केवारी उत्पन्नावर ठरते: कमी उत्पन्नाला ९६ टक्क्यांपर्यंत, आणि चढत्या उत्पन्नाला उतरत जात, तरी सगळ्यात वरच्या पगारवाल्यालाही एक तृतीयांशाच्या आसपास मिळतंच. दोन मुलं असतील तर ज्याचे तास जास्त ते पहिलं मूल धरतात आणि दुसऱ्याला जास्त टक्के मिळतात.

म्हणजे सगळा खेळ उत्पन्नाच्या अंदाजाचा. आणि अंदाज चुकतो तो नेमका आपल्यासारख्यांचा. जानेवारीत आपण चालू पगार लिहितो. मग एप्रिलमध्ये पगारवाढ येते, वर्षाच्या मध्ये बोनस येतो, कंपनीचे शेअर्स हातात पडतात, जोडीदार तीन दिवसांवरून चार दिवसांवर जातो. यातलं काहीच फॉर्मवर नाही.

३० टक्के रूलिंग, म्हणजे परदेशातून आलेल्या कुशल नोकरदाराच्या पगाराचा काही भाग करमुक्त ठेवणारी सवलत, असेल तर पगाराचा करमुक्त भाग उत्पन्नात धरला जात नाही, त्यामुळे टक्केवारी चांगली बसते. रूलिंग पाच वर्षांनी संपतं आणि त्या महिन्यापासून कागदावरचं उत्पन्न एकदम वाढतं. हातात कमी आणि टूस्लाखही कमी, असा दुहेरी फटका.

आणि पुण्यातला फ्लॅट. तुम्ही इथले करदाते असाल तर भारतातली मालमत्ता इथे बॉक्स ३ मध्ये, म्हणजे करपत्रकाच्या बचत-मालमत्तेच्या भागात, दाखवावी लागते, आणि बॉक्स ३ चं उत्पन्न टूस्लाखच्या हिशोबात येतं. रूलिंगवाल्यांना परदेशातली मालमत्ता बाजूला ठेवायची एक सोय होती. ती १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली; जुन्या रूलिंगवाल्यांना २०२६ अखेरपर्यंतच मुदत आहे. त्यानंतरच्या वर्षाचा अंदाज भरताना फ्लॅट विसरू नका.

मी काय करते? उत्पन्न थोडं चढं लिहिते. बोनस यायचा बाकी असला तरी धरते. वर्षाअखेर शे-दोनशे युरो सरकारकडून आले तर कोणाला वाईट वाटत नाही. तास, दर, उत्पन्न, जोडीदाराची नोकरी, यात काही बदललं तर चार आठवड्यांत कळवायचं असतं. नोकरी सुटली तर टूस्लाख लगेच थांबत नाही, तीन महिने चालू राहतो. पण तारीख कळवा. डे-केअरचे पैसे बँकेतूनच द्या आणि वर्षाच्या शेवटी मिळणारा हिशोबाचा कागद जपून ठेवा.

एवढी काळजी का? या देशात याच अनुदानावरून सरकार पडलंय. हजारो पालकांना किरकोळ त्रुटींसाठी, कधी सही नाही, कधी स्वतःच्या वाट्याचे थोडे पैसे कमी भरले, म्हणून फसवे ठरवलं गेलं आणि मिळालेली सगळीच्या सगळी रक्कम, कित्येक हजार युरो, परत मागितली गेली. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे जास्त संशयाने पाहिलं गेलं. १५ जानेवारी २०२१ ला तेव्हाचे पंतप्रधान रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आज सगळी रक्कम सरसकट परत मागत नाहीत. तरी करखात्याच्या निळ्या पाकिटाची धास्ती राहिलीच आहे, आणि हक्क असूनही अर्ज न करणारे पालक आहेत. तसं करू नका, फार पैसे सोडाल.

मुदतही लक्षात ठेवा. डे-केअर ज्या महिन्यात सुरू झालं त्यानंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज. जानेवारीत सुरू केलं तर ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर मागच्या महिन्यांचे पैसे गेले. डे-केअरची वेटिंग लिस्ट मात्र वेगळी गोष्ट आहे, तिथे गरोदरपणातच नाव घाला.

आता सीमेपलीकडचे. बेल्जियममधल्या लोमेल किंवा हामोन्तला घर घेऊन आइंडहोवनला कामाला येणारे, आखेनहून हेरलेनला येणारे. तुम्ही युरोपियन युनियनमधल्या देशात राहून नेदरलँड्समध्ये काम करत असाल तर अर्ज करू शकता. जोडीदारानेही काम करायला हवं, इथे किंवा युनियनमधल्या दुसऱ्या देशात. मूल तिकडच्या पाळणाघरात असेल तरी चालतं, पण ते पाळणाघर डच सरकारच्या परदेशी पाळणाघरांच्या नोंदणीत असावं लागतं. नसेल तर आधी ती नोंद करून घ्या. फ्लांडर्समध्ये पुष्कळ पाळणाघरांची फी आधीच उत्पन्नाप्रमाणे कमी केलेली असते, तेव्हा फॉर्मवर तुम्ही खरोखर भरता तोच दर लिहा. उलट प्रकारही आहे: राहणं इथे, नोकरी जर्मनीत. तेव्हा तिकडचा पगारही इथल्या उत्पन्नात मोजायचा.

भारतीय पासपोर्टवर असाल तर एक सावधगिरी. डच हायली स्किल्ड मायग्रंट परवाना नेदरलँड्समध्ये राहण्यासाठी असतो. पलीकडे घर स्वस्त दिसलं म्हणून मुक्काम हलवलात, तर टूस्लाखच्या आधी परवान्याचाच प्रश्न उभा राहील. 

जाता जाता: कामकरी पालकांना उत्पन्न न बघता ९६ टक्के द्यायचे आणि पैसे थेट डे-केअरला पाठवायचे, अशी योजना आहे. आधी २०२५ सांगितलं होतं, मग २०२७, मग २०२९. तुमचं मूल आज वर्षाचं असेल तर तुमच्यासाठी आजचाच फॉर्म आहे. लॉगिनपासून शेवटच्या बटणापर्यंत स्क्रीन दाखवत तो कसा भरायचा, तो व्हिडिओ पुढच्या आठवड्यात. प्रश्न कॉमेंटमध्ये टाका, पण बीएसएन नंबर टाकू नका.