म्युनिक, १९३८ : हॉटेलात बसवून ठेवलेला देश

झाडीत दडलेला हा काँक्रीटचा बुरुज नीट पाहा. शत्रू ज्या बाजूने येणार, त्या बाजूच्या भिंतीला एकही भोक नाही. तिथे फक्त जाड भिंत, तिला लागून दगडांची रास आणि वर मातीचा भराव. मशीनगनच्या खाचा डाव्या-उजव्या अंगाला आहेत, म्हणजे शेजारच्या बुरुजावर चालून जाणाऱ्यांवर आडवा मारा करता यावा आणि समोरच्या तोफेला मात्र नेम धरायला काहीच सापडू नये. चेकोस्लोव्हाकियाने १९३८च्या सप्टेंबरपर्यंत आपल्या सीमांवर असे हलके बुरुज दहा हजारांच्या आसपास बांधले होते, आणि ज्या सुडेटनलँडवर हिटलरने हक्क सांगितला, त्याच डोंगराळ पट्ट्यात यांतले कितीतरी उभे होते. तिथे सुमारे ३० लाख जर्मन भाषक राहत होते, हे खरे. पण हिटलरला नुसती माणसे नको होती, हे बुरुजही वाटेतून दूर व्हायला हवे होते.

१५ सप्टेंबरला ६९ वर्षांचे ब्रिटिश पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन विमानाने म्युनिकला उतरले आणि रेल्वेने हिटलरच्या भेटीला बेर्शतेसगाडेनला गेले. परतल्यावर ब्रिटन आणि फ्रान्सने प्रागवर दडपण आणून जर्मनबहुल प्रदेश सोडण्यास संमती मिळवली, आणि ती घेऊन चेंबरलेन २२ तारखेला ऱ्हाइनकाठच्या गोडेसबर्गला पोहोचले. तेव्हा हिटलरने सांगितले की, आता एवढ्याने भागणार नाही, जर्मन सैन्य ताबडतोब आत गेले पाहिजे. मागितले ते हातात पडताच मागणी वाढली. अनुनयाच्या, म्हणजे मागण्या मान्य करून आक्रमकाला शांत ठेवण्याच्या धोरणाचा सगळा व्यवहार या एका भेटीत उघडा पडला होता, तरीही तो पुढे चालू राहिला. दुसऱ्याच रात्री चेकोस्लोव्हाकियाने सार्वत्रिक लष्करभरती पुकारली आणि दहा लाखांहून अधिक माणसे ठाण्यांवर हजर झाली.

ही म्युनिकमधली इमारत. आज येथे संगीताचे उच्चशिक्षण दिले जाते. जिन्यावर ऐकू येणारा पियानो वर्गातला आहे, आम्ही मागाहून घातलेला नाही. २९ सप्टेंबरला येथे हिटलर, मुसोलिनी, चेंबरलेन आणि फ्रान्सचे पंतप्रधान दलादिए बसले. सोव्हिएत संघाला बोलावणे नव्हते. मुसोलिनीने तडजोडीचा म्हणून जो मसुदा पुढे केला, तो मुळात जर्मनांनीच तयार केला होता. ज्यांचा प्रदेश वाटला जात होता, त्यांचे दोन प्रतिनिधी, मास्तनी आणि मासारझिक, हॉटेलात थांबवून ठेवले होते. मध्यरात्र उलटल्यावर सह्या झाल्या, मग त्यांना बोलावून कागद दाखवण्यात आले. त्यांचे उत्तर कोणालाही नको होते. मासारझिकने आपल्या अहवालात नोंदवले आहे की, त्या वेळी चेंबरलेन सारखे जांभया देत होते.

लंडनच्या हेस्टन विमानतळावर चेंबरलेन फडकावत असलेला हा कागद म्युनिकचा करार नव्हे. ब्रिटन आणि जर्मनी आपसांत पुन्हा लढू इच्छित नाहीत, अशा आशयाचे ते वेगळे निवेदन होते आणि त्यावर चेंबरलेन आणि हिटलर या दोघांच्याच सह्या होत्या. त्याच संध्याकाळी डाउनिंग स्ट्रीटच्या खिडकीतून ‘आपल्या काळापुरती शांतता’ जाहीर झाली. खाली गर्दी जल्लोष करत होती, आणि तिला दोष देणे अवघड आहे, कारण तीन दिवसांपूर्वी याच शहरातल्या बागांत हवाई हल्ल्यांसाठी चर खणले जात होते आणि घरोघरी विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे वाटले जात होते.

चेंबरलेन यांचे समर्थक म्हणतात, ब्रिटनला शस्त्रसज्ज व्हायला वेळ मिळाला. मिळाला, तो हिटलरलाही मिळाला, आणि त्यासोबत हे बुरुज.

१ ऑक्टोबरला जर्मन सैन्य याच वाटेने आत आले. १५ मार्च १९३९ला ते प्रागमध्ये होते आणि १ सप्टेंबरला पोलंडमध्ये. पडद्यावरचा हा रणगाडा चेक बनावटीचा, एलटी-३८. १९४०मध्ये फ्रान्समध्ये घुसलेल्या जर्मन तुकड्यांकडे असे रणगाडे होते.