नवी खिडकी बसली, पण भोवतीच्या फटीचं काय?

नमस्कार मंडळी. नवीन खिडकी बसवून झाली की फॅब्रिकेटर एक वाक्य हमखास म्हणतो, "साहेब, आता सिलिकॉन मारतो, झालं काम." आजचा व्हिडिओ त्या 'झालं काम'बद्दल आहे. बाहेरून दिसतो तो सिलिकॉनचा पांढरा पट्टा. त्याच्यामागं काय भरलंय, हे कुणी विचारतच नाही.

(कॅमेरा फ्रेम आणि भिंतीमधल्या फटीवर)

ही बघा फट. इथं पाच-सहा मिलिमीटर, वरच्या कोपऱ्यात जवळजवळ बोटभर. फट आहे म्हणून मिस्त्रीवर चिडू नका, ती ठेवावीच लागते. एक तर भिंत क्वचितच ओळंब्यात असते, आणि दुसरं म्हणजे उन्हात फ्रेम वाढते. तापमानात ३० अंशांचा फरक पडला की एक मीटर यूपीव्हीसी (खिडक्यांचं कडक प्लास्टिक) साधारण २ मिलिमीटर वाढतं, ॲल्युमिनियम पाऊण मिलिमीटरच्या आसपास, आणि भिंत त्याच्याही निम्मी. म्हणून फटीत नुसतं व्हाइट सिमेंट कोंबलं तर उन्हाळा सरायच्या आत फ्रेमच्या कडेनं भेग दिसणार. मग कोकणात काय, मुंबईत काय, पावसाची झड आली की वाराच पाणी आत ढकलतो. शिवाय जिथून हवा येते तिथूनच रस्त्याचा आवाज आणि धूळ येते, आणि एसीची थंड हवाही तिथूनच जाते.

आधी गळती नेमकी कुठंय ते शोधू. सगळी दारं-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा, पंखे बंद. पडदे बाजूला घ्या आणि उदबत्ती फ्रेमच्या कडेनं हळूहळू फिरवा. भिंत आणि फ्रेमच्या मध्ये धूर आत वळला तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी. पण स्लायडिंगच्या दोन शटर जिथं एकमेकांवर येतात तिथं वळला, तर फोमचे दहा कॅन रिकामे करून उपयोग नाही. स्लायडिंगला ब्रशची पट्टी असते, त्यातून थोडी हवा येणारच. रस्त्यालगत राहत असाल आणि खिडकी अजून ऑर्डर करायची असेल, तर माझं सरळ मत, बिजागरीवर उघडणारी आणि रबर गॅस्केटवर दाबून बंद होणारी केसमेंट घ्या.

आता भरायचं कसं. पहिलं काम म्हणजे फ्रेमवरची प्लास्टिकची फिल्म काढा. हसू नका! कित्येक ठिकाणी सिलिकॉन या फिल्मवरच मारलेलं असतं. चार महिन्यांनी कुणीतरी फिल्म सोलतं, आणि सिलिकॉनचा आख्खा पट्टा हातात येतो. मग ब्रशनं धूळ काढा. सिमेंटच्या भुकटीवर काहीच चिकटत नाही.

मधल्या पोकळीत पीयू फोम, म्हणजे कॅनमधून मारला की फुगून घट्ट होणारा फेस. भिंतीवर आधी पाण्याचा हलका फवारा मारा, कारण हा फोम ओलाव्यानं घट्ट होतो. कॅन चांगला हलवा, उलटा धरा आणि फट निम्मीच भरा, बाकीची तो फुगून भरतो. 'लो एक्स्पान्शन' लिहिलेलाच घ्या. साधा फोम जास्त फुगला तर फ्रेमला पोटातून ढकलतो आणि शटर अडकायला लागते. फट तीन सेंटिमीटरच्या वर असेल तर फोम नको, आधी मिस्त्रीकडून कड बांधून घ्या. आणि फोम उघडा ठेवू नका. उन्हानं तो पिवळा पडतो आणि चुरा होतो.

(कॅमेरा हातातल्या करड्या दोरीसारख्या रॉडवर)

हा बॅकर रॉड, म्हणजे फोमची गोल दोरी. खर्च फार नाही, तरी बहुतेक कामांत हाच गायब असतो. बाहेरच्या बाजूनं फोमपुढं थोडी जागा ठेवून हा आत दाबायचा. फट ८ मिलिमीटरची तर रॉड १० चा. सिलिकॉनला दोनच बाजू धरायच्या असतात, इकडे फ्रेम, तिकडे भिंत. मागंही चिकटलं तर फ्रेम हलली की ते मध्येच फाटतं. या रॉडला सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून ते मोकळेपणानं ताणतं. पुढं सिलिकॉनची खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे १२ मिलिमीटरच्या फटीला ६. रॉड दाबताना स्क्रूड्रायव्हर नको. टोक रुतलं की रॉडमधली हवा सुटते आणि ओल्या सिलिकॉनमध्ये बुडबुडे धरतात. लाकडी पट्टी वापरा.

सिलिकॉन कुठलं? ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते काचेसाठी ठीक. सिमेंट, ग्रॅनाइट, संगमरवराला न्यूट्रल, म्हणजे दुकानात 'वेदर सिलिकॉन' म्हणून मिळतं ते. आंबटवालं सिमेंटवरून सुटतं आणि संगमरवरावर डाग पाडतं. वरून रंग मारायचा असेल तर सिलिकॉनच नको, त्याच्यावर रंग धरत नाही. पीयू किंवा एमएस सीलंट मागा. दोन्हीकडे मास्किंग टेप, गन एका दमात ओढा, पट्टीनं दाबून घ्या आणि सीलंट ओलं असतानाच टेप काढा.

जर्मनीत खिडकीवाल्यांचा नियम आहे, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा जास्त घट्ट. तिथं हिवाळ्यात घरातली उबदार, दमट हवा फटीत शिरून गार पडते आणि तिथं पाणी सुटतं. आपल्याकडे, निदान किनाऱ्यालगत एसी लावून बसणाऱ्यांकडे, गणित उलटं. दमट हवा बाहेर आहे, त्यामुळे बाहेरची रेघ चोख हवी. परदेशी व्हिडिओ बघून जशीच्या तशी नक्कल करू नका, एवढ्यासाठी सांगितलं.

(कॅमेरा बाहेरून खालच्या ट्रॅकवर)

आणि आता हे नीट बघा. खालच्या ट्रॅकला बाहेरून या ज्या छोट्या खाचा दिसतात, ती वीप होल. ट्रॅकमध्ये पडलेलं पावसाचं पाणी इथून बाहेर जातं. उत्साहाच्या भरात कारागीर यांनाही सिलिकॉन लावतो, नाहीतर रंगवाला पुट्टी भरतो. मग ट्रॅक तुंबतो, पाणी आतल्या कडेवरून सिलवर, म्हणजे खिडकीखालच्या कट्ट्यावर उतरतं, आणि लोक म्हणतात फ्रेम गळते. त्यावर उपाय म्हणून अजून सिलिकॉन! खाच बुजलेली असेल तर आजच कटरनं मोकळी करा.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथली लूव्हरची खिडकी बंद करायच्या भानगडीत पडू नका. भिंत आणि फ्रेममधली फट भरा, पण हवा जायची वाट उघडीच हवी. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, जीव जातो.

सिलिकॉनला किमान एक दिवस द्या, जाड पट्टा असेल तर दोन-तीन. मग पाइपनं पाणी मारून बघा, पण वरून नाही. खालच्या कडेपासून सुरुवात करा, थोडा वेळ एकाच उंचीवर थांबा, मग वर सरका. आत कुणीतरी टॉर्च घेऊन उभं राहू दे. पाइप ज्या उंचीला असताना आत थेंब दिसला, फट त्याच उंचीला किंवा जरा खाली. शेवटचा हप्ता फॅब्रिकेटरला त्यानंतर द्या, आणि पुट्टीवाल्यालाही त्यानंतरच बोलवा.