निवडणारा हात

[दृश्य: जुनी वही. डिंकाने चिकटवलेली कात्रणं, कडा पिवळ्या पडलेल्या.]

ज्याने कधी कात्रणवही ठेवली असेल, त्याला ही गोष्ट चटकन कळेल. मासिक चाळताना एखादं चित्र डोळ्यात भरतं. खिडकीचा कोपरा, लाकडी खुर्ची, स्वेटरची वीण. ते कापायचं, चिकटवायचं आणि ठेवून द्यायचं. कशासाठी, असं कुणी विचारलं तर धड सांगता येत नाही. कधीतरी उपयोगी पडेल, एवढंच.

इंटरनेटवर या सवयीला स्वतःची जागा मिळायला बराच काळ जावा लागला.

२००४ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात स्टुअर्ट बटरफील्ड आणि कॅटरिना फेक यांच्या छोट्या कंपनीने फ्लिकर सुरू केलं. खरं तर ते एक ऑनलाइन खेळ तयार करत होते. खेळ मागे पडला आणि फोटो एकमेकांना दाखवण्याची सोय पुढे निघून गेली. फ्लिकरवर लोक फोटोंना टॅग लावू लागले. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण चित्रात काय आहे हे तेव्हा यंत्राला ओळखता येत नव्हतं. कुणीतरी बसून ‘पाऊस’ असं लिहिलं, म्हणून पावसाचे फोटो एका जागी आले.

मग २०१० उजाडलं.

[दृश्य: फोनच्या पडद्यावर चौकोनी फोटो.]

केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांच्या ‘बर्बन’ या ॲपमध्ये सगळंच कोंबलेलं होतं: कुठे आहात ते कळवा, पुढचे बेत ठरवा, फोटो टाका. लोक मात्र फोटोंसाठीच येत होते. दोघांनी बाकीचं बहुतेक सगळं काढून टाकलं आणि ६ ऑक्टोबरला इन्स्टाग्राम आणलं. पहिल्याच दिवशी सुमारे २५ हजार लोक आले. फोनचे कॅमेरे तेव्हा यथातथाच होते, फिल्टरने ती उणीव झाकली. आणि एक युक्ती होती, जी कुणाला दिसली नाही. तुम्ही फोटोखाली ओळ लिहीत असतानाच फोटो मागच्या मागे अपलोड होऊ लागायचा. ओळ लिहून होईतो काम जवळपास उरकलेलं. एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने १ अब्ज डॉलरला ही कंपनी घेण्याचं जाहीर केलं, तेव्हा तिथे अवघी १३ माणसं काम करत होती.

पण मला जास्त जवळची वाटते ती दुसरी गोष्ट, २०१० च्याच मार्चमध्ये गाजावाजा न होता सुरू झालेली.

बेन सिल्बरमन अमेरिकेतल्या आयोवा राज्यात वाढला. लहानपणी तो किडे गोळा करायचा. त्याने आधी खरेदीसाठी एक ॲप काढलं होतं. त्यावर लोक खरेदी फारशी करेनात, आवडलेल्या वस्तूंची चित्रं मात्र साठवून ठेवू लागले. पॉल शियारा आणि वास्तुकलेचा विद्यार्थी इव्हान शार्प यांना सोबत घेऊन त्याने अशी चित्रं साठवायचीच जागा उभी केली: पिंटरेस्ट. नऊ महिन्यांनी वापरणारे होते जेमतेम १० हजार. सिल्बरमनने पहिल्या ५ हजार जणांना स्वतः लिहिलं, आपला फोन नंबर दिला. जानेवारी २०१२ पर्यंत एकट्या अमेरिकेत महिन्याला १ कोटीहून जास्त लोक तिथे येऊ लागले होते.

[दृश्य: पिंटरेस्टचं पान संथपणे वर सरकतं.]

या पानाची मांडणी जरा नीट बघा. सगळे रकाने सारख्याच रुंदीचे, पण प्रत्येक चित्र आपापल्या उंचीचं. जो रकाना सगळ्यात आखूड, त्याच्याखाली पुढचं चित्र. त्यामुळे खालची कड कधी सरळ येतच नाही. एक चित्र संपतं, तेव्हा शेजारचं अर्धंच दिसत असतं, आणि नजरेला थांबायला ओळ सापडत नाही.

इन्स्टाग्रामवर माणूस सांगतो, हे मी पाहिलं. पिंटरेस्टच्या बोर्डावर, म्हणजे आवडलेली चित्रं लावून ठेवायच्या फळ्यावर, तो सांगतो, हे मला करायचंय. अजून न बांधलेलं घर, अजून न शिवलेला कपडा. पिन करताना, म्हणजे असं चित्र लावताना, एक चित्र निवडायचं, कोणत्या बोर्डावर लावायचं ते ठरवायचं, खाली ओळभर मजकूर लिहायचा. या चार-पाच सेकंदांत एका माणसाची पसंती त्या चित्राला चिकटते. त्या पसंतीवर हा सगळा डोलारा उभा राहिला.

पुढे यंत्र शिकत गेलं. २०१५ मध्ये पिंटरेस्टने चित्रातल्या एका भागाभोवती चौकट ओढायची सोय दिली. दिव्याभोवती चौकट ओढा, तसेच दिवे समोर. ‘दिवा’ हा शब्द लिहायचीही गरज उरली नाही. सोय मोठीच आहे. पण हेच यंत्र न मागितलेलंही आणून देतं. २०१७ मध्ये लंडनमधल्या १४ वर्षांच्या एका मुलीचा मृत्यू झाला. २०२२ च्या न्यायिक चौकशीत उघड झालं, की नैराश्य आणि स्वतःला इजा करण्याशी जोडलेली चित्रं इन्स्टाग्राम आणि पिंटरेस्टने तिच्यापुढे ठेवली होती, त्यातली काही तिने न मागता. नैराश्याचे पिन सुचवणारे ईमेलही पिंटरेस्टकडून तिला येत. कंपनीच्या अधिकाऱ्याने चौकशीत माफी मागितली. ही चित्रं निवडताना समोर बसलेल्या मुलीचं वय, तिचं मन कुणी पाहिलं नव्हतं. हे वाचल्यापासून ते अखंड सरकणारं पान मला पूर्वीसारखं बघवत नाही.

[दृश्य: एक जुना बोर्ड. बारा चित्रं.]

बहुतेक पिनमागे मूळ पानाचा दुवा असतो. हा बोर्ड कित्येक वर्षांपूर्वीचा. तिसऱ्या चित्रावर क्लिक केलं, तर पान सापडत नाही. ही खोली कुणाची, फोटो कुणी काढला, शोधायला वाट नाही. चित्र मात्र जागेवर आहे: पांढरी भिंत, उंच खिडकी, जमिनीवर उन्हाचा तुकडा. आणि खाली, ज्याने ते लावलं त्याची ओळ.

‘आईच्या खोलीत उजेड असा यायला हवा.’