गाठ तेवढीच आहे, मग गोळी बंद करायची का?

नमस्कार श्रोतेहो. मिरजेच्या दवाखान्यांबाहेर स्कॅनची मोठी पिशवी सांभाळत बसलेली माणसं आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यातल्या कर्करोगाच्या रुग्णांकडून एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, टार्गेटेड थेरपीची गोळी चालू आहे, रिपोर्टात गाठ तेवढीच. मग बंद करू?"

नका करू. निदान आपल्या मनानं तरी नको. टार्गेटेड थेरपी म्हणजे कर्करोगाच्या पेशींतल्या ठरावीक बिघाडावर नेम धरणारं औषध.

गाठी मोजायची सर्वमान्य पद्धत म्हणजे 'रेसिस्ट'. ती २००० साली आली, २००९ मध्ये सुधारली. निवडक गाठींच्या लांबीची बेरीज ३० टक्के घटली, की औषध लागू पडलं असं धरतात. पण इथे बघितलं जातं ते फक्त माप. जठर-आतड्यात होणाऱ्या 'जिस्ट' या कर्करोगावर इमॅटिनिब ही टार्गेटेड गोळी सुरू झाली, तेव्हा ही पट्टी तोकडी पडली. पेशी मरत होत्या, पण गाठ आकसत नव्हती; कधी आत रक्तस्राव होऊन फुगायचीसुद्धा. बाहेरून धडधाकट दिसणारं कलिंगड आतून पाणी झालेलं असावं, तसं.

म्हणून २००७ मध्ये संशोधक चोई आणि सहकाऱ्यांनी जिस्टसाठी वेगळे निकष मांडले: लांबी १० टक्के घटली किंवा सीटीवर गाठीची घनता १५ टक्के उतरली, तरी प्रतिसाद धरायचा. उलटही घडतं बरं का. पाणी झालेल्या गाठीच्या पोटात नवा घट्ट ठिपका उगवला, तर माप तेच असूनही आजार परतलेला असू शकतो.

'पेट' (PET) स्कॅन, म्हणजे गाठ साखर किती खाते ते दाखवणारा स्कॅन, आणखी लवकर बोलतो. जिस्टमध्ये गाठीची साखरेची भूक काही दिवसांतच मंदावलेली दिसते. त्यासाठी टोचलेल्या किरणोत्सारी साखरेचा जोर ११० मिनिटांत निम्मा होतो. तेव्हा जत-आटपाडीहून येणाऱ्यांनी दिलेली वेळ पाळा आणि उपाशीपोटी या. मधुमेह असेल तर आधीच सांगा.

आणि पुण्यातल्या भाच्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता रिपोर्ट धाडून सल्ला मागू नका! तुलना चित्रांची होते. पहिल्या स्कॅनची सीडी जपून ठेवा, जमेल तर पुढचे स्कॅन त्याच सेंटरला करा, आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली ते रेडिओलॉजिस्टच्या कागदावर लिहून द्या. ही तारीख बहुतेक वेळा कुणी लिहीतच नाही.